शहरात गेलेल्या लेकरांचे पहिले वर्ष

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, वीज आणि कर्ज यांवर सकाळपासून बोलणे झाले. आम्हाला त्यात भर घालायची नाही. आम्ही ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागातल्या कॉलेजांत शिकवणारी, कॉलेजच्या ऑफिसात काम करणारी आणि दोघे-तिघे निवृत्त झालेली अशी दहा-बारा माणसे आहोत. आमच्यातले निम्मे तुमच्यासारख्याच घरांतले. कधी काळी विदर्भ एक्स्प्रेसने, नाही तर नंदिग्राम, देवगिरीने पहाटे कल्याणला उतरलेले. तुमच्या तालुक्यांतून बारावीनंतर जी पोरे-पोरी आमच्याकडे शिकायला येतात, त्यांच्याबद्दल बोलायला आलो आहोत.

त्यातली काही वर्षाच्या आत परत येतात. का परत आली, हे घरात कोणी नीट सांगत नाही. पोरगा म्हणतो, तिथले पाणी मानवले नाही. बाप म्हणतो, त्याच्या डोक्यातच शिरत नव्हते. गाव म्हणते, मुंबईची हवा लागली. आम्ही त्या पोरांना तिकडच्या बाजूने पाहिले आहे, म्हणून सांगतो, बहुतेक वेळा यातले एकही खरे नसते.

ज्वारीतली खोडमाशी तुम्हाला आम्ही काय सांगणार? पेरणी लांबली की ती हटकून येते. रोप महिनाभराचे होईपर्यंत काय ते नुकसान करते. अळी आतला कोंब खाते, वरून पाने काही दिवस हिरवी दिसतात. बांधावरून पाहणाऱ्याला वाटते पीक उभे आहे. पोंगा धरून ओढला की हातात येतो, मग कळते की पोंगेमर झालेली आहे. आमच्याकडच्या पहिल्या वर्षाच्या पोरांचे असेच होते. जूनमध्ये नाव लागले, फोनवर बोलतोय, पैसे मागतोय, म्हणजे शिकतोय, असे घर धरून चालते. आतला कोंब सप्टेंबरातच गेलेला असतो, आणि घराला कळते ते मार्चमध्ये.

एका मुलाचे सांगतो. नाव-गाव आणि कॉलेज सांगत नाही. बारावीला ७४ टक्के, शाळा मराठी माध्यमाची, घरी सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. इंजिनिअरिंगला तिसऱ्या फेरीत नंबर लागला. आता या फेऱ्यांचे वेळापत्रक असे, की त्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात. हा पोरगा वर्गात बसला तेव्हा तीन आठवड्यांचे शिकवून झाले होते. गणिताचा पहिला पेपर म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे 'एम वन' म्हणतात तो. त्यात पहिले तीन आठवडे चुकले की पुढचे सगळे अधांतरी. वर शिकवणे इंग्रजीत. गणित त्याला येत होते, पण प्रश्नात काय विचारले आहे ते कळायला वेळ लागत होता. त्याने हात वर करून विचारले नाही. शेजारची पोरे इंग्रजी शाळेतली, आपले हसे होईल ही धास्ती. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार मार्क पडले. ज्याला दहावीपासून गाव हुशार म्हणत आले त्याला चार मार्क. त्याने ते कोणालाच सांगितले नाही.

मग फीची बाकी. नऊ हजार रुपये. त्यासाठी तो रात्रीचा भिवंडीच्या गोदामात कामाला लागला. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळच्या तासाला कसा बसणार? हजेरी पडली. मुंबई विद्यापीठात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, ती नसली की नाव ज्या यादीत लागते तिला पोरे 'ब्लॅकलिस्ट' म्हणतात. ब्लॅकलिस्टमध्ये नाव आले की कॉलेज सांगते, पालकांना घेऊन या. पालक साडेपाचशे किलोमीटरवर, कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणून स्वतः वावरात. त्यांना काय सांगायचे? पुष्कळ पोरे अशा वेळी चहाच्या टपरीवरचा कोणी तरी काका म्हणून उभा करतात. कॉलेजलाही ते कळते. सही झाली की कागद पुरा झाला, एवढ्यावर दोघांचेही भागते. या पोराने तेही केले नाही. त्याने कॉलेजला जाणेच सोडले. घरी मात्र डिसेंबरपर्यंत रोज फोन होता, "जेवलो, अभ्यास चालू आहे."

या सगळ्यात पोराला अक्कल नव्हती असे कुठे दिसते का? उशिरा मिळालेला प्रवेश, भाषा, एक विषय, नऊ हजार रुपये आणि विचारपूस करणारे कोणी नाही. एकेक गोष्ट सुटण्याजोगी होती. एकत्र आल्या आणि पोरगा गेला.

आता पैशाचे वेळापत्रक पाहू, कारण आमच्या मते दुखण्याचे मूळ तिथे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कॉलेजची फी भरायची असते जून, जुलै, ऑगस्टमध्ये. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तेव्हा काय असते? बी-बियाणे, खत, निंदणी, फवारणी. घरातून पैसा बाहेर जाण्याचे दिवस ते. पहिली वेचणी दसऱ्याच्या पुढे-मागे आणि कापसाचा पैसा हातात दिवाळीनंतर, कधी संक्रांतीला. म्हणजे कॉलेज पैसे मागते तेव्हा शेतकऱ्याचा हात रिकामा, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तेव्हा पोराचे नाव ब्लॅकलिस्टमध्ये. कॉलेजचे वेळापत्रक बसवणाऱ्यांना पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. आम्हालाही मिळतो. त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही, दुष्टपणाने कोणी करत नाही.

हिशेब मांडून पाहा. कल्याण-डोंबिवलीकडे कॉट बेसिसवर जागा, दोन वेळचा डबा, लोकलचा पास, झेरॉक्स, जर्नल, असे महिन्याला सात हजार धरा. कोणाचे कमी होईल, ठाण्यात राहिला तर जास्त होईल. दहा महिन्यांचे सत्तर हजार. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव जाहीर झाला क्विंटलला ८,११० रुपये. तो पुरा पदरात पडला असे समजा, समजायला काय जाते! तरी साडेआठ क्विंटलच्या वर कापूस. संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपयांनी मोजले तर एकोणीस क्विंटल ज्वारी. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल कापूस धरला, तर दोन एकरांहून जास्त रानाचे सगळे उत्पन्न, खर्च वजा न करता, एका पोराच्या एका वर्षाच्या राहण्या-खाण्याला. फी वेगळी. आणि पोरगा पहिल्याच वर्षी परत आला तर हे सगळे मातीत. फी परत मिळण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे, पण त्यात प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की एक पैसाही परत नाही. त्याच नियमात हेही आहे की कॉलेजने मुलाचे मूळ दाखले अडकवून ठेवायचे नाहीत. तपासायचे आणि परत द्यायचे. हे पाठ करून ठेवा, कारण दाखले अडकले म्हणून दुसरीकडे प्रवेश न घेतलेली पोरे आम्ही पाहिली आहेत.

ही थोड्या पैशांची अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत जॉर्जिया म्हणून प्रांत आहे, कापसाचा मुलूख. तिथे अटलांटा शहरात जॉर्जिया स्टेट नावाचे विद्यापीठ आहे. गरीब घरांतली, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी पोरे तिथे पुष्कळ. त्यांच्या लक्षात आले की दर सत्रात मोठ्या संख्येने मुलांची नावे कापली जातात, आणि ती का, तर काही शे डॉलरांची बाकी. पास होणारी मुले, बाकीपायी बाहेर. २०११ पासून त्यांनी एक केले. मुलाने अर्ज करायची वाट न पाहता, कोणाची बाकी आहे आणि अभ्यास ठीक आहे हे ऑफिसानेच पाहायचे आणि तेवढी रक्कम भरून टाकायची. त्याच सुमाराला दर मुलाची हजेरी, मार्क, विषय यांवर नजर ठेवायची व्यवस्था केली. कुठे काही घसरले की त्याच आठवड्यात माणूस त्या मुलाला गाठतो. २००३ साली तिथे शंभरातले बत्तीस पदवीपर्यंत पोचत. दहा-बारा वर्षांत ते पन्नासच्या वर गेले. पोरे तीच, तशाच घरांतली. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली दोन वर्षांच्या कॉलेजांत असेच काही केले: दर मुलामागे एक सल्लागार, पुस्तकांना पैसे आणि रेल्वे-बसचा फुकट पास. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि तपासले, तर तीन वर्षांत ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यात शंभरातले चाळीस पदवी घेऊन बाहेर पडले, ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात बावीस. रेल्वेच्या पासाने पोरगा पदवीधर होतो हे ऐकून हसू येईल. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठला उभे राहून पाहा, मग हसू येणार नाही.

लोकलचे आलेच आहे तर सांगतो. जागा स्वस्त म्हणून पोरगा टिटवाळ्याला, बदलापूरला, दिव्याला राहतो आणि कॉलेज ठाण्याला. सकाळच्या गाडीला दारात लटकून जाणारी तरुण पोरे असतात, त्यात आपलीही असतात. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसे मेली. म्हणून आमचे सांगणे आहे, शेवटच्या स्टेशनावर पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा कॉलेजच्या चालत जाण्याच्या अंतरात चार जणांत एक खोली घ्या. आणि लोकलने जायचेच असेल तर विद्यार्थी सवलतीचा पास काढा. कॉलेजच्या ऑफिसात सवलतीचा फॉर्म मिळतो, पास निम्म्या दरात पडतो. पहिले दोन महिने पुऱ्या दराचा पास काढणारी पोरे आम्ही दरवर्षी पाहतो, कारण फॉर्म कोणत्या खिडकीवर मिळतो हे विचारायची लाज.

लाज हा मोठा विषय आहे. खेड्यातून आलेल्या पोराला वाटते की कळले नाही हे फक्त आपल्यालाच कळले नाही. अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने सत्तरच्या दशकात हे शोधून काढले. पहिल्या वर्षाच्या गणितात काळ्या समाजातली मुले मोठ्या संख्येने नापास व्हायची. सगळे म्हणायचे, पाया कच्चा, घरी वातावरण नाही. हा माणूस मुलांबरोबर राहून पाहू लागला. त्याला दिसले की ही मुले चिकाटीने अभ्यास करतात, पण एकएकटी. आणि चिनी वंशाची मुले आधी एकट्याने करतात, मग रात्री एकत्र बसून एकमेकांचे तपासतात, एकमेकांना हसतात, कोणाला काय अडले ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याने मग सगळ्यांना एकत्र बसवले, सोपी नव्हे तर अवघड गणिते दिली, आणि निकाल पालटला. आपल्याकडे याला काही नवे नाव द्यायची गरज नाही. सावड म्हणतात. एकाच्या वावरात सगळे, मग दुसऱ्याच्या. आमच्याकडे आम्ही एवढेच करतो की तुमच्या भागातून आलेल्या पोरांना पहिल्या पंधरवड्यात एकमेकांची गाठ घालून देतो आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात बसवतो. शिकवतो कमी. बसवतो जास्त.

मागच्या एका वर्षी परभणीकडची एक मुलगी बी.एस्सी.ला आली. रसायनशास्त्राच्या पहिल्या तासातले तिला काहीच कळले नव्हते. चार जणींच्या सावडीत बसली. पहिल्या सत्रात एका विषयात केटी लागली. घरी फोन करून तिने सांगितले, एका विषयात राहिले, ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसता येते. केटी म्हणजे नापास नव्हे, हे तिला अगोदर सांगून ठेवलेले होते आणि तिने वडिलांना सांगितले होते. म्हणून घरात आकांत झाला नाही. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. फार मोठे यश म्हणून हे सांगत नाही. एवढेच व्हायला हवे, आणि तेवढेही होत नाही.

कल्याण म्हटले की आम्हाला आणखी एक पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आठवते. आनंदीबाई जोशी, पहिली मराठी डॉक्टर, तिचा जन्म कल्याणचा, १८६५ चा. १८८३ साली अठरा वर्षांची पोर एकटी बोटीने अमेरिकेला गेली आणि फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली. थंडी सोसेना, खाणे आपले नव्हे, आजारपण. सगळी पुस्तके सांगतात, केवढे धैर्य. धैर्य होतेच. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तिला बोटीवरून उतरवून घेतले, महिनोन् महिने आपल्या घरी ठेवले, आणि कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तीन वर्षांची सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली आणि तिच्यावर जातीने लक्ष ठेवले. म्हणून ती १८८६ साली डॉक्टर झाली. पुढे वर्षभरातच ती गेली, ते दुःख वेगळे. पण तिचे पहिले वर्ष निभावले ते दोन परक्या बायकांमुळे.

आपल्या जुन्या माणसांना हे पक्के ठाऊक होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली वसतिगृह काढले आणि मग एकेका जातीची वसतिगृहे निघत गेली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले १९२४ साली, आणि कॉलेज १९४७ साली. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ साली काढली, त्याच्या आधी वसतिगृह चालवले. क्रम पाहा: आधी भाकरी आणि अंथरूण, मग वर्ग. बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळचे, नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावे म्हणून. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातल्या पोरांना ठेवून घेते, ती पोरे तिथे कामही करतात. आज क्रम उलटा झाला आहे. कॉलेजे गल्लोगल्ली, वसतिगृहात जागा नाही.

ठाण्यातही काम करणारी माणसे आहेत. विद्यादान सहाय्यक मंडळ २००८ पासून गरीब घरांतल्या हुशार मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलते. शहापूरकडची कितीतरी मुले त्यात आहेत. त्यांची आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट पैशाची नाही. दर मुलाला एक पालक कार्यकर्ता असतो, त्याने फोन करायचा, भेटायचे, निकाल पाहायचा. समता विचार प्रसारक संस्था नव्वदच्या दशकापासून ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या अशा मुलांचा एकलव्य म्हणून गौरव करते, जी काम करून, अडचणी सोसून दहावी पास झाली. पहिला आलेल्याचा नव्हे, टिकलेल्याचा सत्कार. आमच्या कॉलेजांनी यातून शिकायला हरकत नव्हती. तसे कागदावर आमच्याकडेही आहे. दर वीस-पंचवीस मुलांमागे एक प्राध्यापक, त्याला मेंटॉर म्हणतात. तपासणीला नॅकची कमिटी येणार म्हटले की मेंटॉरच्या वह्या एका रात्रीत भरतात. म्हणून तुम्ही एक करा. पोराला पहिल्या आठवड्यात विचारा, "तुझा मेंटॉर कोण?" त्याला ठाऊक नसेल तर म्हणा, ऑफिसात जाऊन नाव आणि फोन घेऊन ये. मग तुम्ही स्वतः त्या सरांना, मॅडमला फोन करा. तुमचे बोलणे शुद्ध नसले तरी चालते. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून बापाचा फोन आला हे प्राध्यापक विसरत नाही. त्या पोराचे नाव त्याच्या डोक्यात राहते. ब्लॅकलिस्ट लागायच्या आधी तो तुम्हाला कळवतो.

कागदांचे काम मेमध्ये उरकायचे, जूनमध्ये नाही. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर. पोराचे बँक खाते आधारला जोडलेले पाहिजे, नाही तर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात येत नाही. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागायची नाही, असे शासनाचे आदेश आहेत. खिडकीवरचा माणूस मागेल. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून ठाण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद आहे. आदिवासी मुलांना स्वयम् योजना, इतर मागास वर्गातल्या मुलांना आधार योजना. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक शिक्षणात राजर्षी शाहू योजनेतून शिकवणी फीत निम्मी सवलत मिळते, आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने अशा घरांतल्या इतर मागास, मराठा आणि आर्थिक दुर्बल वर्गातल्या मुलींना पुरी सवलत आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पैसे उशिरा येतात, कधी वर्ष सरल्यावर येतात, हे आम्ही लपवत नाही. पण अर्जच केला नाही तर उशिराही येत नाहीत. दरम्यानच्या काळासाठी कॉलेजकडे हप्ते मागा, आणि हप्त्याची तारीख कापसाच्या पैशाची मागा. पहिला हप्ता जुलैत थोडका, मोठा हप्ता जानेवारीत. दोन कॉलेजांत आम्ही हे करून घेतले आहे. लेखी मागितले तर देतात. तोंडी मागितले तर "बघू" म्हणतात.

भाषेचे एवढेच. कला आणि वाणिज्य शाखेत बऱ्याच विषयांचे पेपर मराठीत लिहायची मुभा आहे, पण वर्गात कोणी सांगत नाही, विचारून घ्यायचे. विज्ञान आणि इंजिनिअरिंगला सुटका नाही. पण प्रश्नात येणारे ठरावीक पाच-पन्नास शब्द पहिल्या महिन्यात पक्के केले तर निम्मे अवघडपण जाते. बारावीनंतरच्या सुट्टीत हे गावातच होऊ शकते. हायस्कूलच्या मास्तरांना सांगा.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक दार काढले आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. पहिल्या वर्षाचे ठरलेले क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचे कौशल्याचे काम पुरे केले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांत परत येता येते, सात वर्षांत पदवी पुरी करता येते. काही जण म्हणतात, छान झाले, आता कोणी नापास म्हणून घरी येणार नाही. आम्हाला याची धास्ती वाटते. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात काय भाव आहे, हे आम्ही अजून पाहिलेले नाही. गरिबाच्या पोराला बाहेरचे दार सोपे करून द्यायचे आणि त्याला सोय म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही. पण त्याच नियमाचा दुसरा अर्थ कामाचा आहे. परत आलेल्या पोराने पास केलेल्या विषयांचे क्रेडिट बुडत नाहीत. ते त्याच्या खात्यावर जमा राहतात. म्हणजे जो गेल्या दोन वर्षांत परत आला, तो संपलेला नाही.

आणि मायबहिणींना एक सांगणे. निकालाच्या दिवसांत फोनवर "एवढे पैसे घातले" हे वाक्य नको. पैसे किती घातले हे त्या पोराला तुमच्याहून जास्त ठाऊक असते, रात्री तो तेच मोजत पडलेला असतो. ज्या घरांत कर्जापायी माणूस गमावला आहे, तिथल्या पोरांना तर हे ओझे दुप्पट. फोन लागला नाही, आवाज बदललेला वाटला, तर मावशीला, मामाला, नाही तर आमच्यापैकी कोणाला तरी त्याच दिवशी त्याच्या खोलीवर पाठवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलतात. पोराच्या फोनमध्ये तो निघतानाच घालून द्या.

मांडवाच्या उजव्या बाजूला दोन वह्या ठेवल्या आहेत. पहिल्या वहीत यंदा ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरकडे जाणाऱ्या पोरांची नावे लिहा: फोन, शाखा, तिकडे कोण नातेवाईक आणि कोणत्या स्टेशनाला, कोणता दाखला बाकी आहे. ही वही आम्ही घेऊन जाऊ, आणि कॉलेज सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांत दर पोराला आमच्यातला एक जण भेटेल. दुसऱ्या वहीत जे परत आले त्यांची नावे. लाज वाटत असेल तर बापाने लिहावे, आईने लिहावे. किती विषय पास झाले होते तेवढे आठवून लिहा, क्रेडिटचे आम्ही पाहू. आणि ज्यांचे उत्पन्नाचे दाखले मार्चअखेर संपले, त्यांनी आधी सेतूच्या टेबलाकडे जावे. ते लोक चारपर्यंतच आहेत.